बॅजरचे सूचिपत्र : ओतीव लोखंडाच्या वास्तुकलेचे एक साधन आणि त्याची परीक्षा

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन वास्तुकलेचा अभ्यास करताना एक अडचण वारंवार उभी राहते. ज्या कारखानदारांनी ओतीव लोखंडाच्या, म्हणजे बिडाच्या, दर्शनी भिंती ओतून शहरांच्या बाजारपेठांचे रूप पालटले, त्यांच्या इतिहासाची प्रमुख साधने त्यांनी स्वतःच सिद्ध केलेली आहेत. इमारतींपैकी पुष्कळ जळाल्या, पुष्कळ पाडल्या गेल्या. मागे राहिली ती विक्रीसाठी छापलेली पुस्तके. विक्रेत्याने आपल्या मालाविषयी दिलेली ग्वाही इतिहासकाराने कोणत्या मर्यादेपर्यंत प्रमाण मानावी, हा प्रश्न त्यामुळे केवळ पद्धतीचा राहत नाही; ओतीव लोखंडाच्या वास्तुकलेचे मूल्यमापनच त्यावर अवलंबून राहते.

या प्रकारच्या साधनांत न्यूयॉर्कच्या ‘आर्किटेक्चरल आयर्न वर्क्स’ या कारखान्याने १८६५ साली प्रसिद्ध केलेल्या सचित्र सूचिपत्राचे स्थान अग्रगण्य आहे. त्यात शिळाछापाची १०२ चित्रपत्रे असून ती त्या काळच्या सॅरोनी, मेजर अँड नॅप या विख्यात मुद्रणसंस्थेने छापली. कारखान्याचा संस्थापक व अध्यक्ष डॅनिएल डी. बॅजर (१८०६-१८८४) याने त्यास जोडलेल्या प्रास्ताविकात तीन प्रतिज्ञा आहेत. लोखंडी दर्शनी भागाची कल्पना अमेरिकेत प्रथम आपण व्यवहारात आणली, ही पहिली. लोखंड हे वास्तुसौंदर्याचे समर्थ माध्यम आहे, ही दुसरी. लोखंडी इमारत आगीस दाद देत नाही, ही तिसरी. या तीन प्रतिज्ञांची क्रमाने परीक्षा केल्यास सूचिपत्राचे खरे मोल कशात आहे ते स्पष्ट होईल.

१

प्रथम कारखान्याचा वृत्तान्त थोडक्यात पाहिला पाहिजे. बॅजर मूळचा न्यू इंग्लंडमधील पोर्ट्‌स्मथ परिसरातला. तो बोस्टन येथे लोखंडी कामाचा व्यवसाय करू लागला, आणि १८४२ साली तेथील वॉशिंग्टन स्ट्रीटवरील एका दुकानाच्या तळमजल्यास त्याने लोखंडी खांब व लोखंडी तुळया बसविल्या. नव्या पद्धतीविषयी लोकांचा अविश्वास इतका होता, की प्रयोग फसल्यास स्वखर्चाने सर्व काम काढून नेण्याची हमी आपल्याला द्यावी लागली, असे तो सांगतो. पुढच्याच वर्षी गुंडाळत वर जाणाऱ्या लोखंडी दारांचे एकस्व त्याने बाल्टिमोरच्या ए. एल. जॉन्सन याच्याकडून विकत घेतले. हा व्यवहार वरवर किरकोळ दिसला, तरी कारखान्याची सारी भरभराट त्यातून उगम पावली. दुकानदारास दिवसा मोठी काच हवी असते आणि रात्री भक्कम दार. दोन्ही गरजा एकाच चौकटीत भागविणारा कारागीर व्यापारी वस्तीत मागे राहणे शक्य नव्हते.

१८४६ साली बॅजर न्यूयॉर्कला आला. १८५६ साली त्याचा व्यवसाय ‘आर्किटेक्चरल आयर्न वर्क्स’ या नावाने नोंदला गेला. ईस्ट नदीच्या बाजूस, चौदाव्या रस्त्याच्या परिसरात त्याची विस्तीर्ण ओतशाळा होती. कारखान्याच्या आरेखन विभागाची धुरा इंग्लंडहून आलेल्या जॉर्ज एच. जॉन्सन या वास्तुविशारदाकडे सोपविण्यात आली. न्यूयॉर्कखेरीज शिकागो, न्यू ऑर्लिन्स, कॅनडातील हॅलिफॅक्स अशा दूरच्या शहरांत या कारखान्याचा माल गेला. क्यूबा आणि इजिप्तपर्यंतही तो पोहोचला. १८७१ साली पूर्ण झालेल्या न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल डेपोचे प्रचंड लोखंडी छत हे या कारखान्याच्या अखेरच्या मोठ्या कामांपैकी एक होय. त्यानंतरच्या काही वर्षांतच बॅजर निवृत्त झाला आणि कारखान्याची कारकीर्द संपुष्टात आली. म्हणजे सूचिपत्र प्रसिद्ध झाले त्या वेळी कारखाना आपल्या उत्कर्षाच्या माथ्यावर होता. त्यातील आत्मविश्वास वाचताना हे ध्यानात ठेवणे इष्ट आहे.

कामाची रीत अशी होती. प्रथम लाकडात फर्मा कोरावयाचा. तो ओलसर वाळूत दाबून साचा तयार करावयाचा. वितळलेले लोखंड त्यात ओतावयाचे. थंड झाल्यावर तुकडा साफ करून घासावयाचा. नंतर सारे तुकडे कारखान्याच्या फरशीवर जुळवून पाहावयाचे, गंज लागू नये म्हणून त्यांना रंगाचा हात द्यावयाचा, त्यांवर खुणा घालावयाच्या आणि मग ते जागेवर नेऊन बोल्टांनी जोडावयाचे. या रीतीचे आर्थिक मर्म फर्म्यात आहे. फर्मा कोरण्यास कुशल हात आणि वेळ लागतो. परंतु एकदा तो सिद्ध झाला की त्यापासून दहा नग काढले काय आणि शंभर काढले काय, कोरणीचा खर्च तोच राहतो. दगडात प्रत्येक स्तंभशीर्ष नव्याने घडवावे लागते. पुनरावृत्ती ही दगडाच्या कामात खर्चाची बाब. लोखंडाच्या कामात तीच काटकसरीची बाब ठरते. या एका सूत्रावरून पुढील सौंदर्यविचाराचाही उलगडा होतो.

२

आता पहिली प्रतिज्ञा. अग्रमानाच्या या वादात बॅजरचा प्रतिस्पर्धी जेम्स बोगार्डस (१८००-१८७४) हा होता. तो मूळचा घड्याळजी, पुढे यंत्रसंशोधक. १८४८ साली त्याने ब्रॉडवेवरील मिलाऊ यांच्या औषधाच्या दुकानास लोखंडी मुखभाग बसविला. १८४९ साली लेंग यांच्या दुकानांच्या रांगेस तसाच मुखभाग दिला. सेंटर व डुएन या रस्त्यांच्या कोपऱ्यावर स्वतःच्या कारखान्याची लोखंडी इमारत उभारली. आणि १८५० साली आपल्या रचनेचे एकस्व मिळविले. १८५६ साली त्याच्या नावाने एक पुस्तिका निघाली. तिचे प्रत्यक्ष लेखन जॉन डब्ल्यू. थॉमसन याचे. प्राचीन वास्तूंचे वैभव लोखंडात उतरविण्याची कल्पना आपल्याला १८४० साली इटलीत सुचली, असे तीत म्हटले आहे. लोखंडी इमारतीच्या तळाचे मोठमोठे भाग काढून घेतले तरी ती उभीच राहते, असे दाखविणारे तिच्यातील चित्र प्रसिद्धच आहे.

दोन्ही पुस्तिका शेजारी ठेवून वाचल्यास एक गोष्ट लक्षात येते. दोन्ही कारखानदार ‘प्रथम’ हा शब्द वापरतात, पण त्यांच्या मनातील वस्तू एक नाही. बॅजर बोलतो ते तळमजल्याच्या लोखंडी दर्शनी भागाविषयी. बोगार्डस बोलतो तो संपूर्ण लोखंडी इमारतीविषयी. वादाचा निम्मा भाग या शब्दच्छलात विरून जातो. उरलेल्या निम्म्यास इतर पुराव्यांनी उत्तर दिलेले आहे. इंग्लंडात श्रूझबरीजवळ चार्ल्स बेज याने १७९७ साली लोखंडी खांब व लोखंडी तुळया असलेली गिरणी बांधली होती. विल्यम फेअरबर्न याने १८४० च्या सुमारास तुर्कस्तानासाठी लोखंडी पिठाची गिरणी तयार केली. खुद्द अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातील पॉट्सव्हिल येथे जॉन हॅव्हिलंड याने १८३० साली एका बँकेच्या दर्शनी भिंतीस दगडाचा आभास देणारी ओतीव लोखंडाची पाती लावली होती. सारांश, निरपेक्ष अर्थाने ‘प्रथम’ या पदवीस दोघांपैकी कोणीही पात्र ठरत नाही.

येथे विसाव्या शतकातील टीकेचा निर्देश करणे अवश्य आहे. सिगफ्रीड गीडिऑन याने १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात बोगार्डस यास आधुनिक सांगाडापद्धतीचा पूर्वसूरी म्हणून गौरविले. गीडिऑनला आधुनिक वास्तुकलेसाठी एक वंशावळ हवी होती, आणि बोगार्डसच्या पुस्तिकेने ती आयती पुरविली. पुढे टर्पिन बॅनिस्टर याने १९५६-५७ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या दाव्यांची कसून छाननी केली. बोगार्डसच्या रस्त्यांवरील इमारतींत लोखंडाचा मुखभाग असला, तरी बाजूच्या भिंती सामान्यतः विटांच्या आणि तक्तपोशी लाकडाची होती. भार वाहणारा स्वयंपूर्ण सांगाडा तेथे शोधणे हे नंतरच्या काळाची दृष्टी आधीच्या काळावर लादणे होय. खरा सांगाडा आढळतो तो त्याच्या मनोऱ्यांत: १८५५ साली बांधलेल्या शिशाच्या गोळ्या पाडण्याच्या मनोऱ्यात लोखंडी चौकटीच्या आत केवळ आडोशापुरत्या विटा भरल्या होत्या. गंमत अशी, की वंशावळीचा खरा धागा जेथे होता त्या उपयुक्त, अनलंकृत बांधकामाकडे दुर्लक्ष झाले, आणि अलंकृत मुखभागांभोवती आख्यायिका वाढली.

मग बॅजरचे श्रेय ते कोणते? शोधकाचे नव्हे, तर व्यवस्थापकाचे. विखुरलेल्या कल्पनांना त्याने नियमित उत्पादनाचे रूप दिले. आरेखन, फर्मा, ओतकाम, जुळणी आणि वाहतूक ही सारी अंगे त्याने एका छत्राखाली आणली, तर बोगार्डस पुष्कळसे ओतकाम दुसऱ्यांच्या ओतशाळांतून करून घेत असे. हे श्रेय लहान नाही. पण बॅजरला ते पुरेसे वाटले नाही, कारण त्याच्या काळी बाजारातही शोधकाच्या नावाला किंमत होती. सूचिपत्राच्या प्रास्ताविकात इतिहास लिहिला गेला तो या कारणाने.

३

दुसरी प्रतिज्ञा सौंदर्याची. तिची परीक्षा करण्यास दोन इमारती पुरेशा आहेत. दोन्ही एकाच कारखान्याच्या, दोन्ही १८५७ च्या सुमारास पुऱ्या झालेल्या आणि दोन्ही आजवर टिकून राहिलेल्या.

पहिली चेंबर्स स्ट्रीटवरील केरी बिल्डिंग. किंग व केलम हे तिचे वास्तुविशारद. येथे लोखंडास दगडाचे सोंग दिलेले आहे. ओतीव पात्यांवर घडीव चिऱ्यांच्या सांध्यांसारख्या खोल रेषा आहेत. अशा कामांत रंगात वाळू मिसळून दगडाचा खरखरीतपणाही साधला जात असे. पाहणाऱ्याने फसावे हाच रचनेचा हेतू दिसतो. दुसरी ब्रॉडवे व ब्रूम या रस्त्यांच्या कोपऱ्यावरील हॉवाउट बिल्डिंग. तिचा वास्तुविशारद जॉन पी. गेनर. चिनी मातीची भांडी, काचसामान आणि झुंबरे यांचा हा पाच मजली व्यापार होता; एलिशा ओटिस याचा प्रवासी वाहून नेणारा पाळणा १८५७ च्या मार्चमध्ये येथे सुरू झाला, म्हणूनही ही इमारत स्मरणात आहे. तिचा मुखभाग व्हेनिस येथील सान्सोव्हिनोच्या ग्रंथालयावरून बेतलेला आहे. लहान स्तंभांवर पेललेली कमान, तिच्या दोन्ही अंगांस मोठे स्तंभ, आणि हाच एक घटक दोन्ही रस्त्यांच्या बाजूंनी मजल्यामागून मजला पुन्हा पुन्हा येतो.

जॉन रस्किन याने १८४९ साली वास्तुकलेतील असत्याचे जे प्रकार सांगितले, त्यांत एका द्रव्याने दुसऱ्याचा आव आणणे आणि हातच्या कोरणीऐवजी ओतीव वा यंत्रनिर्मित अलंकार वापरणे हे दोन्ही येतात. त्या कसोटीने या दोन्ही इमारती दोषी ठरतात. परंतु कसोटी जशीच्या तशी लावल्यास दोहोंमधील महत्त्वाचा भेद नजरेआड होतो. केरी बिल्डिंगमध्ये अनुकरण आहे ते द्रव्याचे. हॉवाउटमध्ये अनुकरण आहे ते रचनेचे. पहिल्या ठिकाणी लोखंड आपला स्वभाव लपविते. दुसऱ्या ठिकाणी नमुना उसना असला, तरी तो लोखंडाच्या स्वभावास मानवतो, कारण एकाच घटकाची अखंड आवृत्ती हेच ओतकामाचे मूळ सूत्र होय. व्हेनिसमध्ये जी आवृत्ती शिस्तीचा परिणाम होती, ती न्यूयॉर्कमध्ये फर्म्याचा परिणाम आहे. आणि दगडाहून बारीक खांबांमधून काचेला जी ऐसपैस जागा मिळाली, ती मूळ नमुन्यात नव्हे तर लोखंडाच्या बळात आहे.

यावर असा आक्षेप संभवतो, की हा गुण योगायोगाचा आहे. बॅजरच्या मनात असा काही विवेक नव्हता. हा आक्षेप खरा आहे. सूचिपत्रात दोन्ही प्रकारांस सारखाच मान मिळतो. तेथे चिऱ्यांचे सोंग आणि स्तंभावली ही केवळ पसंतीची बाब आहे. तथापि त्या पुस्तकाची रचनाच नकळत एक निराळी गोष्ट सांगून जाते. संपूर्ण मुखभागांबरोबरच त्यात स्तंभ, स्तंभशीर्षे, कंगण्या, खिडक्यांच्या चौकटी, कठडे आणि गुंडाळती दारे ही सुटी सुटी मांडलेली आहेत. इमारत म्हणजे निवडून जुळविलेल्या नगांची बेरीज, ही कल्पना प्रास्ताविकात कोठेही सिद्धान्तरूपाने येत नाही, पण चित्रपत्रांतून ती पानोपानी प्रत्ययास येते. कारखानदाराच्या शब्दांपेक्षा त्याच्या पानांची मांडणी अधिक पुढे गेलेली आहे. सूचिपत्राचे वाङ्‌मयीन मोल शोधावयाचे तर ते येथे शोधावे.

त्याच मांडणीत एक उणीवही आहे. चित्रपत्रांत वास्तुविशारदाचा सन्मान होतो, अध्यक्षाचे नाव सर्वत्र मिरविते. पण लाकडात फर्मा कोरणारा आणि वाळूत साचा बसविणारा कारागीर इतिहासाला जवळजवळ अज्ञातच राहिला. रस्किनचा खरा सल अलंकारामागे राबणाऱ्या हाताविषयी होता. ते हात येथे नाहीसे झाले नव्हते. ते फर्म्याच्या आड गेले होते.

४

तिसरी प्रतिज्ञा आगीची, आणि तीच सर्वांत गंभीर. सौंदर्याबाबत ग्राहक फसला तर त्याची अभिरुची दुखावते. आगीबाबत फसला तर माणसे मरतात. सूचिपत्रात लोखंडाच्या गुणांची जी मालिका आहे, तीत बळकटी, हलकेपणा, उभारणीची सुलभता, सौंदर्य, स्वस्ताई व टिकाऊपणा यांबरोबर अदाह्यतेलाही स्थान आहे. हे विधान शब्दशः खोटे नाही. लोखंड जळत नाही. पण ते जळत नाही म्हणून इमारत सुरक्षित राहते, हा निष्कर्ष विधानातून निघत नाही. प्रखर उष्णतेत लोखंडाचे बळ ओसरते. ओतीव लोखंड तर ठिसूळ, तापलेल्या खांबावर पाण्याचा झोत पडला की तडकण्याचा संभव असतो. आत लाकडी तक्तपोशी आणि व्यापारी माल असेल, तर बाहेरची अदाह्य भिंत आतील भट्टीस आवरू शकत नाही.

ऑक्टोबर १८७१ मध्ये शिकागो आणि नोव्हेंबर १८७२ मध्ये बोस्टन जळाले, तेव्हा हा तर्कदोष उघड झाला. शिकागोच्या लेक स्ट्रीटवर बॅजरच्याच कारखान्याने १८५६ च्या सुमारास पुरविलेले मुखभाग त्या आगीत नष्ट झाले. कारखान्याचा उत्कर्ष आणि या आगी यांच्या तारखा जवळजवळ आहेत म्हणून एकास दुसऱ्याचे एकमेव कारण मानणे योग्य नव्हे. १८७३ नंतरची आर्थिक मंदीही ध्यानात घ्यावी लागेल. परंतु ओतीव लोखंडाच्या अग्निरोधकतेवरील विश्वास या दोन आगींनंतर पूर्ववत् राहिला नाही, एवढे निश्चित म्हणता येते.

या प्रकरणाचा शेवट मात्र बोधप्रद आहे. बॅजरच्या आरेखन विभागाचा प्रमुख जॉर्ज जॉन्सन यानेच पुढे पोकळ भाजक्या मातीच्या ठोकळ्यांची रचना सिद्ध केली. १८७१ साली तिचे एकस्व घेतले गेले आणि आगीनंतरच्या शिकागोत ती वापरात आली. लोखंडाला आगीपासून वाचवावयाचे तर त्यास मातीचे आवरण हवे, या विचाराकडे नेणारी ही पायरी होती. पुढील उत्तुंग इमारतींचे पोलादी सांगाडे याच विचारावर उभे राहिले. सूचिपत्रातील प्रतिज्ञेचे खंडन असे त्याच कारखान्यात तयार झालेल्या माणसाच्या हातून झाले. पण ते सूचिपत्रात येणे शक्य नव्हते. विक्रीसाठी लिहिलेल्या ग्रंथास स्वतःची दुरुस्ती करण्याची सोय नसते. ती इतिहासकाराने करावयाची असते.

५

मुंबईच्या वाचकास या प्रश्नाची एक बाजू घराजवळ पाहता येते. काळा घोडा परिसरातील वॉटसन हॉटेल, म्हणजेच एस्प्लनेड मॅन्शन, रोलंड मेसन ऑर्डिश याच्या आराखड्यानुसार इंग्लंडात ओतलेल्या भागांपासून १८६७ ते १८६९ या काळात उभारण्यात आले. त्याचा न्यूयॉर्कच्या कारखान्याशी काही संबंध नाही. तुलना आहे ती तत्त्वाची. तेथे लोखंडी सांगाडा उघडा असून त्यात विटा भरलेल्या आहेत. लोखंड दगडाचे सोंग घेत नाही. ज्या प्रामाणिकपणाची अपेक्षा टीकाकार बॅजरकडून करतात, तो त्याच दशकात व्यवहार्य होता, याचा हा पुरावा होय. त्याचबरोबर हेही नमूद केले पाहिजे, की २००५ साली याही इमारतीचा काही भाग कोसळला. प्रामाणिक रचनेलाही देखभालीची गरज असते.

न्यूयॉर्कमध्ये या वास्तूंचे पुनर्मूल्यांकन विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाले. हॉवाउट बिल्डिंगला १९६५ साली संरक्षण मिळाले; मार्गो गेल यांनी १९७० साली ओतीव लोखंडाच्या वास्तुकलेच्या रक्षणासाठी संस्था स्थापिली; १९७३ साली सोहो भागास ऐतिहासिक क्षेत्र म्हणून मान्यता मिळाली. बॅजर व बोगार्डस यांच्या पुस्तिका १९७० साली एकत्र पुनर्मुद्रित झाल्या आणि १९८१ साली बॅजरचे सूचिपत्र गेल यांच्या प्रस्तावनेसह पुन्हा निघाले. याच काळात बोगार्डसच्या लेंग दुकानांचे लोखंडी भाग, १९७१ साली उतरवून पुन्हा उभारण्यासाठी जपून ठेवले असता, १९७४ साली त्यांतील बराच भाग चोरीस जाऊन भंगारात विकला गेला. उरलेला १९७७ मध्ये नाहीसा झाला. जी इमारत सुटी करून कोठेही नेता येते असा कारखानदारांचा अभिमान होता, ती त्याच गुणामुळे चोरांना नेता आली.

एकूण विचार करता, बॅजरच्या सूचिपत्रातील पहिली प्रतिज्ञा अतिशयोक्तीची, दुसरी अर्धसत्य आणि तिसरी धोकादायक ठरते. असे असूनही तो ग्रंथ त्याज्य ठरत नाही. त्यातील विधाने साक्ष म्हणून दुबळी असली, तरी त्याची मांडणी साक्ष म्हणून बळकट आहे: काय ओतले जात होते, काय विकले जात होते, आणि ग्राहकास कोणती आश्वासने हवी होती, हे त्यातून निःसंदिग्धपणे कळते. अभ्यासकाने सूचिपत्र वाचावे ते कारखानदार काय सांगतो यासाठी कमी, आणि तो काय दाखवितो यासाठी अधिक. जेथे त्याचे शब्द आणि त्याची चित्रे एकमेकांपासून दूर जातात, तेथेच या कारखान्याचा खरा इतिहास सुरू होतो.